चल, एर्मेलिंदा

३ जून. सकाळी सात.

आजपासून नियमितपणे लिहावयाचे ठरविले आहे. चौथीत आमच्या बाईंनी सांगितले होते की, जे काम लिहून ठेवले जाते ते पूर्ण होते. मी चौथी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालो. पाचवीचा वर्ग आमच्या ला नोगालेरा गावात नव्हता, हा माझा दोष नव्हे.

कामाचे स्वरूप: १९७८ सालची हिरवी पिकअप. रंग मूळचा, कारखान्यातला. माझ्याकडे येऊन चव्वेचाळीस वर्षे झाली. उन्हाने बॉनेट व टप पांढुरके पडले आहेत. बोट फिरविले की खडूसारखी भुकटी लागते. ही धूळ नव्हे. रंगाचा वरचा थर मेला आहे. त्याखाली जिवंत रंग आहे. तो वर आणावयाचा, त्यावर वॅक्स चढवावयाचे व पुन्हा मरू द्यावयाचा नाही.

मुदत: २५ जुलै, संत क्रिस्तोबालचा सण. त्या दिवशी चर्चसमोर पाद्री गाड्यांना आशीर्वाद देतात. आशीर्वाद घेऊन तसेच कामार्गोला जावयाचे व एर्मेलिंदाला घरी आणावयाचे.

माझी पत्नी एर्मेलिंदा सध्या हवापालटासाठी कामार्गोला, तिच्या बहिणीच्या घरी आहे. वीस दिवस झाले.

४ जून. दुपारी.

एर्मेलिंदाचे कपाट तपासले. कुतूहल म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. हिवाळ्याचे सर्व कपडे जागेवर आहेत: करडा कोट, दोन शाली, लोकरी मोजे, फ्लॅनेलचा गाऊन. जिला थंडीपूर्वी परतावयाचे नसते, ती स्त्री शाली मागे ठेवीत नाही.

हे नाबोरला सांगितले. नाबोर हा आमच्या मुलीचा धर्मपिता, गावचा जुना पाट्या रंगविणारा आणि माझा शेजारी. तिन्ही नात्यांनी तोंडाळ. तो म्हणाला, "सोयऱ्या, मे महिन्यात छत्री आणि पर्स घेऊन तडक निघालेली बाई शाली कशाला उचलेल?"

पुरावा समोर असताना वाद घालणे मला शोभत नाही.

७ जून. सकाळी.

धुणे. दोन बादल्या: एक साबणाच्या पाण्याची, दुसरी स्पंज खळबळून घेण्यासाठी. एकाच बादलीत सर्व करणारे लोक धूळच गाडीवर परत घासतात. अशा लोकांनी गाडी ठेवू नये.

नाबोर कुंपणावर हात टेकून उभा होता. म्हणाला, "भांड्यांचा साबण घाल की." त्यास समजावून सांगितले की भांड्यांचा साबण चरबी काढतो, आणि वॅक्स ही एक प्रकारची चरबीच होय; ते निघून जाईल. तो म्हणाला, "पण वॅक्स अजून लावलंयस कुठे?" प्रश्न तत्त्वाचा होता. त्याला तत्त्व कळत नाही.

धुऊन झाल्यावर हातास प्लास्टिकची पिशवी चढवून तो टपावरून फिरविला. अशाने बारीकसारीक खरखरही जाणवते. भरपूर आहे. समाधान वाटले. काम जितके मोठे, तितका परिणाम मोठा.

दुपारी राजमा करपला. मक्याच्या तोर्तिया दुकानातून आणल्या.

१२ जून. सकाळी आठ.

फडक्यांचा प्रश्न. घरातील टॉवेल खरखरीत. माझ्या बनियनला शिवणी. शिवण रंगावर ओरखडा काढते. तज्ज्ञांच्या मते सर्वांत उत्तम कापड म्हणजे जुने, पुष्कळदा धुतलेले फ्लॅनेल.

एर्मेलिंदाचा गाऊन. निळी फुले, आता जवळजवळ पांढरी. तीस वर्षे धुतला गेला आहे. याहून मऊ कापड संपूर्ण चिवावा राज्यात सापडणार नाही. थंडीला अजून चार महिने आहेत. तोवर नवा घेऊन देईन, दुप्पट जाड. शिवणी काढून टाकल्या, बटणे एका वाटीत ठेवली, आठ तुकडे केले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेनाने क्रमांक घातला. क्रमांक आठ म्हणजे उजवी बाही.

पिकअप तिच्यासाठीच चमकावयाची आहे. तेव्हा तिचेच कापड वापरणे हेही योग्यच.

१३ जून. दुपारी.

पॉलिश सुरू. बॉनेटचा डावा कोपरा. बोटाने चिमूटभर घ्यावयाचे व लहान गोल फिरवावयाचे, दाबावयाचे नाही. दहा मिनिटांत तुकडा क्रमांक एक हिरवागार झाला. नाबोर कुंपणावरून ओरडला, "अरे, रंगच उतरतोय सगळा!" त्यास सांगितले की जुना रंग असाच असतो. नव्या गाड्यांवर रंगावर वेगळे काचेसारखे लेपन असते. माझ्या गाडीवर सोंग नाही, रंग तो रंगच. घासला की फडक्यास लागणारच. तो म्हणाला, "मग शेवटी फडकं हिरवं आणि गाडी पांढरी."

संध्याकाळी त्या कोपऱ्यात माझा चेहरा दिसला. १९८० मध्ये दिसला होता, अगदी तसाच. म्हणजे चमक तशीच. चेहऱ्याविषयी मी बोलत नाही.

१६ जून. रविवार.

वडिलांचा दिवस म्हणून मिरेयाचा फोन. मिरेया आमची एकुलती एक, चिवावा शहरात असते. म्हणाली, "अप्पा, अम्माला एक फोन तरी करा." मी म्हणालो, रिकाम्या हाताने बोलण्यात अर्थ नाही, २५ जुलैला समक्ष भेटेन, आणि काम दाखवीन. ती म्हणाली, "तिला काम नकोय, अप्पा. तिला तुमच्या तोंडून एक वाक्य हवंय." मी विचारले, कोणते वाक्य? म्हणजे लिहून ठेवता आले असते. तिने फोन ठेवला.

आजकालच्या मुलांना नेमकेपणाने बोलण्याची सवय राहिली नाही.

१७ जून. सकाळी.

मागचा फाळका. हा भाग अत्यंत नाजूक. लग्नाच्या आठवड्यात, म्हणजे गाडी घेतली त्याच आठवड्यात, नाबोरने फाळक्यावर अक्षरे रंगविली होती: "चल, एर्मेलिंदा". पिवळसर पांढरी अक्षरे, तांबडी सावली. आमच्याकडे प्रत्येकाच्या गाडीवर काहीतरी वाक्य असते. बहुतेकांचे देवाविषयी किंवा सासूविषयी. माझे त्यांहून वेगळे. नाबोर स्वल्पविराम विसरला होता; रंग ओला असतानाच मी तो घालावयास लावला. एर्मेलिंदा शेजारी उभी राहून हसत होती. म्हणाली होती, "स्वल्पविरामावर थांबू नकोस म्हणजे झालं, म्हाताऱ्या." मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. ती तेव्हापासूनच मला म्हाताऱ्या म्हणते.

पॉलिश अक्षरांना लागू नये म्हणून संपूर्ण नाव रंगाऱ्याच्या चिकटपट्टीने झाकले. एकावर एक तीन थर. "चल" व स्वल्पविराम यांच्याभोवती मी बोटाने जपून घासणार असल्याने तेवढे उघडे ठेवले. काम पूर्ण होईपर्यंत पट्टी काढावयाची नाही.

१९ जून. दुपारी चार.

बॉनेटवर वॅक्स. नियम: वॅक्स चढविल्यावर चोवीस तास पाणी लागता कामा नये.

हा नियम मला माहीत होता, म्हणूनच १४ मे रोजी मी तो निर्णय घेतला. त्याची येथे एकदाच नोंद करतो, म्हणजे विषय संपेल.

त्या दिवशी दोन वाजता वॅक्स चढविले होते. चार वाजता फोन आला: एर्मेलिंदाची धाकटी बहीण चोना हिची प्रकृती बिघडली आहे, कामार्गोच्या दवाखान्यात नेले आहे. बाहेर पाऊस. मे महिन्यात आमच्याकडे पाऊस पडत नाही. त्या दिवशी पडला. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर तांबडी माती. एर्मेलिंदा पर्स घेऊन पिकअपच्या दाराशी उभी राहिली. मी म्हणालो, उद्या सकाळी निघू, वॅक्स वाळू दे. ती एवढेच म्हणाली, "वॅक्स?" मी तिला चोवीस तासांचे कारण क्रमवार समजावून सांगितले. माझे सांगून होईपर्यंत ती फाटकाबाहेर पोचली होती.

बस उशिरा आली. ती पोचण्यापूर्वी अर्धा तास चोना गेली.

नाबोर म्हणतो, पिकअपने पाऊण तासात पोचला असता. नाबोरला गाडी चालविता येत नाही.

अंत्यविधीला मी गेलो होतो. बसने, रस्ता अजून ओला होता. एर्मेलिंदा माझ्याशी बोलली नाही, परंतु दुःखात कोणीच बोलत नसते. त्यानंतर चोनाचे रिकामे घर आवरण्यासाठी ती तेथेच राहिली. एवढेच.

मे महिन्यातले ते वॅक्स, आता अभ्यासाअंती कळले, चुकीच्या क्रमाने लावले गेले होते. मेलेल्या रंगावर वॅक्स धरत नाही. आठवड्यात उतरले. अनुभवाने माणूस शिकतो.

२७ जून. सकाळी.

नवे संकट. अंगणातील पेकनच्या झाडावर कीड पडली आहे. तिचा चिकट रस थेंबाथेंबाने खाली पडतो. बॉनेटवर शंभर ठिपके. झाड मिरेयाच्या जन्माच्या वेळी एर्मेलिंदाने लावलेले, त्यामुळे तोडण्याचा विचार मनात आणला नाही. म्हणजे आणला, पण कुऱ्हाडीचा दांडा सैल निघाला.

पिकअप पत्र्याच्या शेडखाली हलविली. तेथे एर्मेलिंदाच्या जिरेनियमच्या कुंड्या होत्या. त्या अंगणात उन्हात मांडल्या. झाडांना ऊन मानवते.

६ जुलै. दुपारी.

जिरेनियम गेली. ऊन सर्वच झाडांना मानवत नाही.

बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर एक करडा ठिपका दिसू लागला आहे, नाण्याएवढा. हे रंगाखालचे अस्तर. उंचवट्यावर रंगाचा थर पातळ असतो, हे त्यावर तीन दिवस घासल्यावर लक्षात आले. नाबोर बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी त्याला दिसले. म्हणाला, "घासता घासता हाडाला लागलास, सोयऱ्या."

लांबून दिसत नाही. एर्मेलिंदाला लांबूनच दाखवावे.

तुकडे क्रमांक एक ते सहा हिरवे झाले. सात पॉलिशसाठी. आठ, म्हणजे बाही, अखेरच्या हातासाठी कोरी राखून ठेवली आहे.

११ जुलै. सकाळी नऊ.

चिकटपट्टी काढली.

तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलेले आढळते की ती उन्हात तीन दिवसांहून अधिक ठेवू नये. मी ती चोवीस दिवस ठेवली होती. गोंद वितळून पुन्हा घट्ट झाला असावा. वरचा थर आला, मधला आला, शेवटचा थर आला, आणि त्याबरोबर अक्षरे आली. उलटी, अगदी स्वच्छ, पट्टीच्या पाठीवर. एकही अक्षर तुटले नाही. नाबोरचे काम खरोखर उत्तम होते.

फाळक्यावर आता आहे: "चल,".

स्वल्पविराम शाबूत आहे.

१२ जुलै. सकाळी.

नाबोरकडे गेलो. चिकटपट्टी बरोबर नेली होती, नमुना म्हणून. त्यास म्हणालो की नाव पुन्हा रंगवून दे, तेच वळण, तीच सावली. त्याने पट्टी डोळ्यांजवळ धरली. उलटी अक्षरे बोटाने एकेक करून चाचपली. मग म्हणाला, "ती शेजारच्या सीटवर बसलेली दिसू दे. त्याच दिवशी लिहितो. मोतीबिंदू गेला खड्ड्यात." मी म्हणालो, तोपर्यंत लोक काय वाचतील? तो म्हणाला, "लोक आठ आठवडे वाचतायत, क्रिसोफोरो."

त्याने मला नावाने हाक मारली. बरे वाटले नाही. सोयऱ्या म्हणणेच ठीक आहे.

२१ जुलै. रविवार.

अत्यंत शुभ वार्ता. मिरेयाचा फोन. मी २५ तारखेला येणार हे तिने तिच्या आईला कळविले. आई म्हणाली, "येऊ दे."

दोनच शब्द, परंतु होकारार्थी. नकार द्यावयाचा असता तर "नको" हा एकच शब्द पुरला असता. म्हणजे तिने माझ्यासाठी एक शब्द अधिक खर्च केला.

मिरेया म्हणाली, "अप्पा, फार मनावर घेऊ नका." मी म्हणालो, मी कोणतीच गोष्ट फार मनावर घेत नाही. मग शेडमध्ये जाऊन शेजारची सीट दोनदा झाडली.

२५ जुलै. सकाळी सहा.

दाढी केली. पांढरा सदरा, मिरेयाच्या लग्नात घातलेला. पिकअप तयार. बॉनेटात आकाश दिसते. ठिपकाही दिसतो.

निश्चय: तिला बोलू द्यावयाचे. चिडावयाचे नाही. गाडीचे श्रेय स्वतःकडे घ्यावयाचे नाही. तिने विचारलेच तर सांगावयाचे.

२५ जुलै. सकाळी साडेदहा. चौकात, गाडीत बसून.

आशीर्वाद झाला. चाळीसेक गाड्या होत्या: ट्रॅक्टर, ट्रक, एक तर पाववाल्याची तीनचाकी. सर्वांनी बॉनेटवर ग्लॅडिओलसची फुले तारेने बांधली होती, कागदी झिरमिळ्या, फुगे. मी काहीच बांधले नाही. तारेने ओरखडा येतो आणि परागांचे डाग पडतात. नाबोर रांगेतून फिरत आला व सर्वांसमक्ष म्हणाला, "बाकीच्या सगळ्या नवऱ्या, आणि तुझी तेवढी विधवा." लोक हसले. पाववाला सर्वांत मोठ्याने.

पाद्री बादलीत केरसुणीएवढा झुबका बुडवून पाणी उडवीत आले. आमच्याकडचे पाणी क्षारयुक्त. वाळले की पांढरे वर्तुळ उठते. म्हणून ते टपावर पाणी उडवीत असताना मी मागोमाग बाहीने, तुकडा क्रमांक आठ, टिपत गेलो. पाद्री तरुण आहेत. थांबले आणि म्हणाले, "अहो आजोबा, जरा मुरू द्या की!" मी म्हणालो, आपण चालू ठेवा. त्यांनी आणखी उडविले. मी आणखी टिपले. आशीर्वाद वाया गेला असे मानण्याचे कारण नाही. तो बाहीत आहे.

आता निघतो.

२५ जुलै. संध्याकाळी सात. घरी.

क्रमाने लिहितो.

कामार्गोत काल पाऊस झाला होता. चोनाच्या घरापुढचा रस्ता मात्र फरसबंद आहे. साडेअकराला पोचलो. हॉर्न वाजविला नाही. ती स्वतःच बाहेर आली. काळे कपडे. केस थोडे पांढरे झाले आहेत, किंवा पूर्वीही होते.

तिने पिकअपभोवती एक फेरी घातली. हात टेकला, दारावर, मधोमध. म्हणाली, "छान चमकवलीस." मी म्हणालो, थोडेसे काम केले. ठसा पुसला नाही. निघेपर्यंत पुसणार नव्हतो.

मग ती मागे गेली. फाळका पाहिला. विचारले, "माझं नाव?"

मी तिला चिकटपट्टी, ऊन, गोंदाचे वितळणे, जुन्या रंगाची पकड, हे सर्व व्यवस्थित समजावून सांगितले. पाच मिनिटे लागली असतील. नाव जपण्यासाठीच झाकले होते, हेही सांगितले. ती हसली. ती हसली की मला नेहमी बरे वाटते. आज का वाटले नाही, कळत नाही. ती म्हणाली, "तुझ्याकडे जपायला दिलं की असंच होतं बघ."

मग ती आत जाऊन फुले घेऊन आली, गुंडाळलेली, पांढरी. म्हणाली, "चोनाला द्यायची आहेत. नेतोस?"

स्मशानभूमी गावाबाहेर आहे. फरसबंदी संपते तेथून कच्चा रस्ता. कोपऱ्यावरून दिसत होता: तांबडा, चाकोऱ्यांत पाणी.

मी रस्त्याकडे पाहिले. फक्त पाहिले. कोणताही चालक निघण्यापूर्वी रस्ता पाहतो. मग मी "चल" म्हणालो. मध्ये किती वेळ गेला असेल? घरी येताना मी तो मोजण्याचा प्रयत्न केला. चार सेकंद. फार तर पाच.

ती म्हणाली, "राहू दे, म्हाताऱ्या. रंग खराब होईल."

रागाने म्हणाली नाही. जेवत असलेल्या माणसास उठू नकोस म्हणून सांगावे, तशी म्हणाली. आणि चालू लागली.

मी तिच्यामागे पिकअप घातली. कच्च्या रस्त्यावर, चिखलात, पहिल्या गिअरमध्ये, तिच्या शेजारून, दार उघडे धरून. गाडीत बस, म्हणालो. वॅक्सचे काही नाही म्हणालो. चिखल दारापर्यंत आला, काचेपर्यंत आला, आत सीटवर आला. ती कडेकडेने चालत राहिली, एका हातात फुले, दुसऱ्या हाताने झगा वर धरून. एक बाई समोरून आली, तिने आधी हिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि क्रूसाची खूण केली.

तेथे पोचल्यावर तिने फुले ठेवली. मी फाटकाशी थांबलो. मला आत बोलावले नव्हते.

परत येऊन ती खिडकीपाशी उभी राहिली. तिच्या चपला दिसत नव्हत्या, इतका चिखल. म्हणाली, "मी इथेच राहणार आहे. मिरेयाला सांगितलंय. तुला मीच सांगायला हवं होतं, म्हणून येऊ दे म्हटलं." मी मान हलविली. मला ते वाक्य सुचेना, मिरेया म्हणाली होती ते. ती थांबली होती. मला वाटते ती त्यासाठीच थांबली होती. मी म्हणालो, घरी राजमा करपतो.

ती म्हणाली, "पाणी जास्त घालत जा."

मग म्हणाली, "एक काम कर. माझा फ्लॅनेलचा गाऊन बसने पाठव. निळ्या फुलांचा. शाली, कोट, काही नको, कुणालाही दे. तेवढा पाठव. चोनाने शिवलाय तो. तिच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही नाही."

तुकडा क्रमांक आठ माझ्या हातात होता. काच पुसत होतो. मांडीखाली सरकविला.

मी म्हणालो, आहे. व्यवस्थित आहे.

२८ जुलै. रविवार.

मिरेयाचा फोन. "अप्पा, अम्मा विचारतेय, गाऊन पाठवला का?" मी म्हणालो, धुवावयास टाकला आहे. हे सत्य आहे. आठही तुकडे सकाळपासून टबात आहेत.

पिकअप धुतली नाही. चिखल वाळून तडकला आहे. दारावर मधोमध तिच्या हाताचा ठसा असेल. चिखलाखाली आहे, दिसत नाही.

३० जुलै. दुपारी.

गरम पाणी झाले. मीठ झाले. व्हिनेगर झाले. शेवटी नाबोरने सांगितलेला भांड्यांचा साबण. चरबी निघाली. हिरवा तसाच. बाही थोडी फिकट आहे, कारण तिच्यावर पाणीच अधिक होते.

नाबोर आला. टेबलावर तुकडे क्रमाने मांडलेले पाहिले, वाटीतली बटणे पाहिली. मी शिवण्याचे काम हाती घेतले होते. मी त्याच्याकडे सुई ओवण्यास मदत मागितली, कारण मला भोक दिसत नाही. त्यालाही दिसत नाही. आम्ही दोघांनी आळीपाळीने अर्धा तास प्रयत्न केला. धाग्याचे टोक चाटून चाटून विरून गेले. शेवटी तो म्हणाला, "उद्या उजेडात बघू, सोयऱ्या." दुपारचे दोन वाजले होते.

२ ऑगस्ट. सकाळी दहा.

शिवून झाला. सुई पाववाल्याच्या बायकोने ओवून दिली. टाके सरळ नाहीत. उजवी बाही उलटी लागली आहे. उसवली तर कापड फाटेल, तसाच ठेवला. कोपऱ्यांतले क्रमांक काही केल्या गेले नाहीत. बटणे सहा, त्यांतील पाच लावली. निळी फुले एखाद-दुसऱ्या ठिकाणी दिसतात, हिरव्याखाली.

कागदात गुंडाळला. आठ वाजताच्या बसने पाठवावयाचा होता. रस्ता कोरडा आहे. डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेलो, गाठोडे काखेत. बस आली, थांबली, ड्रायव्हरने विचारले, काही द्यायचंय का? मी म्हणालो, नाही.

परत आणला. टेबलावर उघडून ठेवला आहे.

चव्वेचाळीस वर्षे ऊन, पाऊस, धूळ, पक्षी, सर्वांपासून मी हा रंग जपला. पुष्कळांना शंका होती. आता मी खात्रीपूर्वक लिहू शकतो की रंग उत्तम आहे. पाचदा धुतला. निघत नाही.